दरडग्रस्त-प्रकल्पग्रस्तांना परदेशी नोकरी: 'विस्थापित कोट्या'त तथ्य किती?

सावित्रीकाठ
महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण या पट्ट्यातल्या पुनर्वसन वसाहतींत सध्या एक बोलणं फिरतंय. कॅनडाने म्हणे विस्थापितांसाठी वेगळा कोटा काढलाय. तहसीलदाराचा दरडग्रस्त दाखला नाहीतर प्रकल्पग्रस्त दाखला असला की व्हिसा पक्का, फक्त 'फाईल चार्ज' भरायचा. जुलै २०२१ ला तळिये आणि पोसरेत दरडी कोसळल्या, त्याआधी २ जुलै २०१९ ला तिवरे धरण फुटलं. अशा गावांत भरपाईची थोडीफार रक्कम घराघरात आहे, आणि फाईल चार्ज नेमका तेवढाच सांगितला जातो. याचीच मला काळजी वाटते.
तीन गोष्टी विचारायच्या आहेत. असा कोटा खरंच आहे का? नसेल तर दहावीच्या आसपास शिकलेल्या, हातात थोडंफार काम असलेल्या मुलांसाठी सरळ वाट कोणती? आणि घरासोबत कागदही गाडले गेले, त्यांनी सुरुवात कुठून करायची? ऐकीव नको, माहिती असेल तेच लिहा.

डोलकाठी
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: आपल्या लोकांसाठी असा कोटा नाही. अफवेचं मूळ मात्र खरं आहे, म्हणून ती पटते.
निर्वासितांमधल्या कुशल माणसांना छावणीतून थेट नोकरीवर नेण्याच्या योजना आहेत. टॅलेंट बियाँड बाउंड्रीज ही संस्था २०१६ पासून हे काम करते. सुरुवात जॉर्डन आणि लेबनॉनमधल्या निर्वासितांपासून झाली. कॅनडाने २०१८ मध्ये त्यासाठी प्रायोगिक योजना आणली, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये. उमेदवार आपलं शिक्षण, अनुभव आणि भाषा यांची नोंद करतो. तिकडचा मालक त्यातून माणूस निवडतो आणि नोकरीचं पत्र देतो, त्यानंतर व्हिसा. बहुतेक वेळा नोकरी हाताशी असल्याशिवाय यातलं काही हलत नाही.
आता अट पाहा. १९५१ च्या निर्वासित कराराप्रमाणे निर्वासित म्हणजे छळाच्या भीतीने स्वतःच्या देशाबाहेर पडलेला माणूस. कॅनडाच्या योजनेत तसा पुरावा मागतात: संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाचा, नाहीतर आसरा देणाऱ्या देशाचा. तळियेचा माणूस घर गमावूनही भारतातच आहे. कायद्याच्या भाषेत तो देशांतर्गत विस्थापित. तहसीलदाराचा दाखला पुनर्वसनाच्या घरासाठी आहे, कॅनडाच्या व्हिसा अधिकाऱ्यासाठी त्याला काही किंमत नाही.
काही एजंट पुढे सांगतात, 'तिथे उतरून आसरा मागा, मी शिकवतो काय बोलायचं.' कॅनडाच्या अर्जात खोटी माहिती सापडली तर पाच वर्षं दार बंद, आणि पुढे बऱ्याच देशांच्या अर्जात ते सांगावं लागतं.

फणसपोळी
म्हणजे दाखल्याचा काहीच उपयोग नाही?

गावगाडा
@फणसपोळी, उपयोग आहे, पण इथे. प्रकल्पग्रस्त दाखल्यावर राज्य सरकारच्या गट क आणि ड च्या भरतीत ५ टक्के समांतर आरक्षण मिळतं. एका कुटुंबातला एकच जण ते वापरू शकतो. म्हणून परदेशी जाणारा कोण आणि दाखल्यावर फॉर्म भरणारा कोण, हे घरात बसून आधी ठरवा. आखातात जाणाऱ्या मोठ्या मुलाच्या नावावर दाखला अडकून राहिला तर पोलीस भरतीची तयारी करणारा धाकटा हात चोळत बसतो. (दरडग्रस्तांना हे आरक्षण नाही. दोन्हींची गल्लत होते म्हणून लिहिलं.)

बाणकोटचा वारा
सलाम. दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. आपल्या किनाऱ्याची जुनी वाट आखाताचीच. श्रीवर्धन, म्हसळा, खेड, दापोली, चिपळूण इथल्या कितीतरी गावांची घरं त्यावर उभी राहिली. ती आजही चालू आहे, फक्त नियमाने जावं.
पासपोर्ट उघडून पाहा. त्यावर 'ईसीआर' (म्हणजे परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी आवश्यक) छापलेलं असेल तर सौदी, अमिरात, कतार, ओमान, कुवेत, बहरीन, मलेशिया धरून १८ देशांत नोकरीला जाण्याआधी उत्प्रवासी संरक्षक या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. आपल्यासाठी हे कार्यालय मुंबईत आहे. सगळं काम सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर चालतं: मालकाची मागणी, पगार, करार तिथे चढतो, मगच मंजुरी. सोबत प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण.
दहावी पास असाल तर ईसीआर लागू नाही. पण पासपोर्ट आधी काढला आणि दहावी नंतर पास झालात, तर शिक्का आपोआप जात नाही. पासपोर्ट पुन्हा काढायला अर्ज करायचा, कारण 'ईसीआर वगळणे', सोबत दहावीचं प्रमाणपत्र. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १५०० रुपये.
एक लक्षात ठेवा भाऊ. ईसीआर नसलेल्याचा करार सरकारी माणूस तपासत नाही. शिक्का नाही म्हणून खूश होतात आणि तिथेच फसतात. असा मुलगाही नोंदणीकृत एजंटामार्फतच जावा.

डोलकाठी
एजंट कसा तपासायचा तेही सांगतो. ई-मायग्रेटवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. नुसतं नाव जुळून भागत नाही. परवाना क्रमांक, कार्यालयाचा पत्ता आणि 'सक्रिय' अशी स्थिती, तिन्ही जुळायला हवीत. मुदत संपलेले आणि निलंबित झालेलेही त्याच यादीत दिसतात, नाव सापडलं की लोक तिथेच थांबतात. मुंबईच्या एजंटाचा क्रमांक 'बी' अक्षराने सुरू होतो आणि मधे 'एमयूएम' असतं. कायद्यात 'सब-एजंट' असा प्रकारच नाही. वसाहतीत मोटारसायकलवर येऊन पासपोर्ट गोळा करणारा कोणाचाही माणूस असो, त्याला तो अधिकार नाही.
सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी. पैसे बँकेतून द्यायचे, पावती घ्यायची.

रानमोडी
३०,००० + जीएसटी = ३५,४००. हा आकडा वसाहतीतल्या समाजमंदिराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा.

लालपरी
कायदा ठीक आहे, पण ३५,४०० मध्ये जातो कोण? सगळीकडे लाख-सव्वा लाख मागतात. न देणाऱ्याची फाईल तळाला जाते. गरजू माणसाला हे नियम सांगून काय उपयोग?

बाणकोटचा वारा
@लालपरी, तुमचं म्हणणं खोटं नाही. वरचे पैसे जातात कुठे ते बघा. गावातला दलाल, तालुक्याचा दलाल, मुंबईचा एजंट, आणि कधीकधी तिकडे व्हिसा विकणारा. पावती फक्त मुंबईच्या टप्प्याची मिळते, बाकी सगळं हातावर. म्हणून मधले दोन टप्पे गाळून उमेदवाराने स्वतः मुंबईच्या कार्यालयात जावं. मुलाखतीच्या जाहिरातीत परवाना क्रमांक असतो, तो पोर्टलवर टाकायचा. एसटीचे दोन फेरे पडतील, पण लाखाच्या मानाने ते काहीच नाहीत.
अमिरातीच्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला मालकाला मनाई आहे. सौदीत कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे भरतीचं शुल्क, इकामा (तिथे राहण्याचा परवाना), वर्क परमिट, परतीचं तिकीट हे सगळं मालकाकडे. तेव्हा 'इकाम्याचे पैसे वेगळे' म्हणणाऱ्याला हे कलम सांगा.
सगळ्यात महाग पडतो तो 'आझाद व्हिसा'. कागदावर कफील (व्हिसा देणारा मालक) एक, काम कुठेही शोधा म्हणतात. पकडला गेलात तर दंड आणि हद्दपारी. कफिलाशी बिनसलं की तो 'हुरूब' टाकतो, म्हणजे पळून गेल्याची तक्रार. मग इकामा बाद, पगार कुठेच मागता येत नाही आणि घरी यायलाही परवानगीसाठी खेटे घालावे लागतात.

खारफुटी
व्हिजिट व्हिसावर नेऊन तिकडे नोकरी लावतो म्हणणाऱ्यांबद्दलही लिहा कोणीतरी. विमा नाही, करार नाही, मुदत संपली की दंड चालू. त्याहून भयंकर प्रकार थायलंडचा. 'डेटा एंट्री, चांगला पगार' सांगून बँकॉकला उतरवतात आणि तिथून म्यानमारच्या म्यावाडीकडे नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यात डांबतात. परराष्ट्र खात्याने २०२२ पासून यावर वारंवार इशारे दिलेत. कंप्युटर कोर्स केलेली आपली पोरं या जाहिरातींना लगेच भुलतात.

पानसुपारी
तिसरा प्रश्न, कागद. याचा क्रम चुकला की सहा महिने जातात, म्हणून सविस्तर लिहिते.
आधी आधार. कार्ड गाडलं गेलं तरी नंबर आणि बोटांचे ठसे आहेत, केंद्रावर जाऊन नवं छापून मिळतं. पण त्यावर पत्ता जुन्या वाडीचा, जी आज जागेवर नाही. तसाच ठेवून पासपोर्टचा अर्ज केला तर पोलीस पडताळणीला हवालदार जुन्या पत्त्यावर जातो आणि 'सदर इसम राहत नाही' असा शेरा मारतो. तेवढ्याने फाईल अडकते. म्हणून पत्ता आधी बदला. नव्या घराचा कागद अजून हातात नसेल तर आधारच्या ठरलेल्या नमुन्यात सरपंचाची किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का चालतो. त्या पत्राची मुदत तीनच महिने. पत्र घेऊन ठेवलं आणि केंद्रावर गेलेच नाहीत, असं फार होतं.
मग शाळा सोडल्याचा दाखला. दुय्यम प्रत शाळाच देते. शाळाच दरडीखाली गेली असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्याकडे चौकशी करा. दहावीची गुणपत्रिका डिजिलॉकरवर मिळते का ते आधी पाहा. नसेल तर विभागीय मंडळाकडे अर्ज करायचा. रत्नागिरी-सिंधुदुर्गचं कोकण मंडळ रत्नागिरीत आहे, पण जुन्या वर्षांची परीक्षा कोल्हापूर मंडळाची असेल तर तिथे. रायगडवाल्यांचं मुंबई मंडळ. दरडीच्या पंचनाम्याची साक्षांकित प्रत प्रत्येक अर्जाला जोडा, 'गहाळ' कसं झालं हे पुन्हापुन्हा सांगावं लागत नाही.
आणि नाव! गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं, वडिलांचं, शेवटी आईचं. आधारवर वेगळा क्रम, बँकेत 'तुकाराम'चा 'तुकराम'. पासपोर्टच्या आधी सगळीकडे एकच स्पेलिंग करून घ्या. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा राहतो. नोव्हेंबर २०२२ पासून अमिरातीने असे एकनावी पासपोर्ट व्हिसासाठी नाकारायला सुरुवात केली.

सावित्रीकाठ
पानसुपारीताई, हे छापून वसाहतीत लावतो. मनापासून आभार.

दशावतार
बरा केलास, हो धागो काढलास. पण मला एक कळत नाही. आपल्या मुलांना आखातात पाठवायचं, आणि आपल्या आंब्याच्या बागा नेपाळी गुरख्यांनी राखायच्या, बोटींवर खलाशीही नेपाळचेच. कामं इथे आहेत की.

नाखवा_हर्णै
@दशावतार, बोटीवरचं काम आठ-दहा महिन्यांचं. जून-जुलै बंदी. पैसे उचल आणि वाट्याच्या हिशेबात, उचल फिटली नाही की माणूस पुढच्या हंगामाला बांधलेला. नेपाळचा खलाशी बोटीवरच राहतो, त्याचं जेवण मालकाकडे, खर्च शून्य, त्याला ते परवडतं. घर गमावलेल्याला दरमहा पैसा लागतो. कामाला कमीपणा नाही, पण हिशेब वेगळा.
समुद्राचीच वाट धरायची तर मर्चंट नेव्ही बघा. दहावीत विज्ञान आणि गणित, एकूण ४० टक्के आणि इंग्रजीतही ४०, वय साडेसतरा ते पंचवीस, एवढ्यावर सहा महिन्यांचा जीपी रेटिंग (जहाजावरच्या खलाशाचा) कोर्स करता येतो. संस्था नौवहन महासंचालनालयाची मान्यताप्राप्त हवी. त्यांच्या यादीत संस्थेचं नाव आणि कोर्सचं नाव, दोन्ही तपासा. नंतर सीडीसी, म्हणजे खलाशाचं ओळख आणि नोंदीचं पुस्तक. बोटीवर पाठवणाऱ्या एजंटाकडे आरपीएसएल हा खलाशी भरतीचा परवाना लागतो, तो ई-मायग्रेटच्या परवान्याहून वेगळा. खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घ्यायला आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारात बंदी आहे. 'इराणच्या किनाऱ्यावरची छोटी बोट, सीडीसी आम्हीच देतो' म्हणाले की उठून यायचं. ती सीडीसी बनावट निघते आणि नाव काळ्या यादीत जाऊ शकतं.

ठिणगी
ट्रेड टेस्टवर कोणीच लिहिलं नाही, खरी गळती तिथे होते.
सौदीसाठी वेल्डर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, एसी मेकॅनिक अशा कामांना आता तिकडच्या सरकारची कौशल्य पडताळणी लागते. आधी संगणकावर प्रश्न, मग प्रत्यक्ष काम. प्रमाणपत्र नसेल तर त्या पेशाचा व्हिसा लागत नाही.
वेल्डरचं उदाहरण घेतो. गेट-ग्रिलचं काम येतं म्हणजे पाइप येतं असं नाही. ६जी टेस्टमध्ये पाइप ४५ अंशात पक्का बांधलेला, फिरवायचा नाही, माणसानेच भोवती फिरायचं. बहुतेक जण सहाच्या काट्यावर, म्हणजे पाइपच्या अगदी खालच्या बाजूला नापास होतात. तिथे रूट, म्हणजे सांध्याचा सगळ्यात आतला पहिला थर, आत पोचत नाही, नाहीतर लोंबतं. रूट गॅप अडीच-तीन मिलिमीटर एकसारखा ठेवा, टॅक (जोड धरून ठेवणारा छोटा टाका) मारल्यावर पुन्हा मोजा. टॅकने पाइप ओढला जातो आणि एका बाजूचा गॅप मिटतो.
दुसरं दुखणं आपल्या हवेचं. ७०१८ हा वेल्डिंग रॉड दमट हवेत पाणी ओढतो. पावसाळ्यात उघडं पाकीट आठवडाभर वर्कशॉपमध्ये पडलेलं असतं, त्याच रॉडने सराव करतात आणि वेल्डमध्ये बारीक छिद्रं येतात. मुलाला वाटतं आपला हात वाईट. रॉड साधारण ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजून घ्या, मग गरम डब्यात ठेवा. हात तोच राहतो, वेल्ड स्वच्छ येतं.
गवंड्यांनाही एक सांगणं. आपले गवंडी जांभा चिऱ्यात तरबेज. पण टेस्टला पोकळ काँक्रीट ब्लॉक असतो, सांधा पातळ आणि एकसारखा लागतो. चिऱ्याला जाड मसाल्यात सांभाळून घ्यायची सवय इथे नडते. आठवडाभर ब्लॉकवर ओळंबा आणि लेव्हल लावून सराव करा.

चिरेखाण
+१. आणि टेस्टला घालवलेला कोपरा परत मापत नाहीत, काटकोन गेला की गेला.

पानसुपारी
टेस्टवर पैसे घालण्याआधी एक करा. आखाताची वैद्यकीय तपासणी 'वाफिद' या त्यांच्या ऑनलाइन नोंदणीतून होते, केंद्र सहसा तेच ठरवतात. छातीचा एक्स-रे, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी. पूर्वी होऊन बरा झालेल्या क्षयाचा डाग एक्स-रेत दिसला तरी 'अनफिट' करतात. म्हणून तालुक्यालाच आधी साधा एक्स-रे आणि कावीळ बीची चाचणी करून घ्या. काही निघालं तर दुसऱ्या देशाचा विचार करता येतो, पैसे अडकलेले नसतात.

फणसपोळी
जपान, जर्मनी, इस्रायल यांचं काय? त्याच्याही जाहिराती येतात.

डोलकाठी
थोडक्यात. जपानशी भारताचा 'विशेष कुशल कामगार' करार जानेवारी २०२१ चा. जपानी भाषेची परीक्षा (जेएफटी-बेसिक किंवा एन४) आणि त्या कामाची परीक्षा, दोन्ही पास व्हाव्या लागतात. पहिल्या गटात जास्तीत जास्त पाच वर्षं, कुटुंब नेता येत नाही. क्षेत्रांत वृद्धांची शुश्रूषा, शेती, अन्नप्रक्रिया आहेत, मासेमारीही आहे. नाखव्यांच्या पोरांनी त्याकडे पाहावं. मात्र त्या क्षेत्राची परीक्षा भारतात कधी लागते ते आधी बघा. भाषेला रोजचे दोन-तीन तास धरून आठ महिने लागतात. 'तीन महिन्यांत जपान' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.
इस्रायलची बांधकाम भरती सरकार ते सरकार आहे, राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळामार्फत. शटरिंग सुतार, सळई वाकवणारे, प्लास्टर, टाइल अशी चार कामं. पगार आखाताहून बराच जास्त, पण युद्धाचा धोका घरच्यांना समजावून मगच ठरवा. जर्मनीला जर्मन भाषा बी१-बी२ (मधल्या) पातळीपर्यंत आणि शिक्षणाची मान्यता लागते. परिचारिकांसाठी ती वाट चांगली, दहावीवाल्याला लांबची.

वेंगुर्ल्याची
बायकांबद्दल कोणी बोललंच नाही. दरडीत घरातला कर्ता गेलाय अशी घरं आहेत, तिथे आईला किंवा सुनेलाच घरकामाच्या नोकरीला बोलावतात. ईसीआर पासपोर्टवर त्या १८ देशांत जायचं तर बाईचं वय किमान ३० लागतं. 'व्हिजिटवर नेतो, वयाची अट नाही' म्हणजे नियम चुकवून नेतोय. तिथे पगार थकला किंवा मारहाण झाली तर करारच नसतो, दूतावासालाही पत्ता शोधावा लागतो. निघण्याआधी मालकाचं नाव, पत्ता, फोन घरात कागदावर लिहून ठेवा, फोनमध्ये नको. फोन काढून घेतात.

बाणकोटचा वारा
करारावरून एक. पगाराचा एकूण आकडा बघून सही करू नका, 'बेसिक' किती ते बघा. अमिरातीत सेवा संपल्यावरची ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात, पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी २१ दिवसांचं बेसिक. ओव्हरटाइमही त्यावरच. दोन कंपन्यांचा पगार १,५०० दिर्हमच, पण एकीचं बेसिक ६०० आणि दुसरीचं १,२००. दोन वर्षांनी निघताना हातात पडणारी रक्कम दुप्पट होते. आणि करार तिकडे गेल्यावर बदलून पुढे करतात, म्हणून इथे सही केलेल्या प्रतीचा फोटो घरी ठेवून जा.

गावगाडा
मूळ विषय विस्थापितांचा आहे, म्हणून त्यांचीच एक अडचण सांगतो. मुलगा बाहेर गेला आणि मागाहून पुनर्वसनाच्या घराचं वाटप निघालं, तर सही कोण करणार? जाण्याआधी दोन कामं उरकायची. घरातलं कोणी वारलं असेल तर सातबाऱ्यावर वारस नोंद, आणि घरात राहणाऱ्याच्या नावे दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं कुलमुखत्यारपत्र. त्यात 'पुनर्वसनाचं घर किंवा भूखंड ताब्यात घेणे, मोजणीस हजर राहणे, भरपाई स्वीकारणे' हे स्पष्ट लिहा. विकण्याचा अधिकार घालू नका. तिकडून करायचं झालं तर भारतीय वकिलातीत सही करून कागद पाठवायचा, आणि तो भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं.

सावित्रीकाठ
सगळ्यांचे आभार. आता निकडीचं. एका वसाहतीत काही जणांनी 'कॅनडा फाईल'चे पैसे आणि पासपोर्ट देऊन झालेत. आता काय करायचं?

डोलकाठी
आधी पासपोर्ट. तो सरकारची मालमत्ता आहे, एजंटाला ठेवून घेण्याचा हक्क नाही. लेखी मागा, व्हॉट्सअॅपवर चालेल, उत्तर जपून ठेवा. पैशांच्या भांडणाआधी हे करा, नाहीतर तो पासपोर्टच ओलीस धरतो.
मग पुरावे एका जागी: यूपीआयच्या नोंदी, बोलण्याचे स्क्रीनशॉट, जाहिरातीचा फोटो, रोख दिले असतील तर तारीख आणि समोर असलेल्यांची नावं. सगळ्यांनी मिळून एकच तक्रार पोलीस ठाण्यात द्या. त्यात फसवणुकीसोबत उत्प्रवास कायदा १९८३ चं कलम १० आणि २४ लिहायला सांगा: नोंदणीशिवाय भरती, दोन वर्षांपर्यंत कैद. हे कलम ठाण्यात पटकन आठवत नाही, म्हणून अर्जातच लिहून न्या. तीच तक्रार मुंबईच्या उत्प्रवासी संरक्षकाकडे आणि ई-मायग्रेटवर. माहितीसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत क्रमांक १८००-११-३०९०.
अर्ज बनवायला मदत हवी असेल तर इथेच लिहा. नावं गाळून मजकूर टाका, दुरुस्त करून देतो.

पानसुपारी
पंचनाम्याच्या प्रती कोणाकडे नसतील तर तेही लिहा. तहसील कार्यालयात नकलेसाठी द्यायच्या अर्जाचा नमुना उद्या सकाळी टाकते.